फागणूची जीभ आणि फागणूचे पुले

धारठा गावातून बकरनाळेकडे, म्हणजे वरच्या बर्फाळ घळीकडे, चढणारी वाट फागणूच्या दारावरून जाते आणि दाराशी दगडी कट्ट्यावर फागणू बसलेला असतो. म्हणजे मे-जूनमध्ये डोंगर चढायला आलेल्या माणसाला आधी फागणू पार करावा लागतो, मग डोंगर. वरच्या बर्फावर घसरणारे थोडे. फागणूच्या कट्ट्याशी घसरलेल्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

तो येणाऱ्याचं तोंड बघत नाही, पाय बघतो. तोंड काय, कुणीही धुऊन आणतं.

"या, या. लग्नाला निघालात वाटतं?" परवाच दिल्लीहून आलेल्या चौघांना त्याने विचारलं.

"नाही चाचा, बकरनाळ. पलीकडे उतरणार."

"अस्सं. मग बूट का नवरदेवाचे घातलेत?"

त्यातला एक गोरटेला हसला. "जून आहे चाचा. आता कुठला बर्फ?"

"हे मात्र बरोबर बोललात. बर्फाच्या घरी कॅलेंडर आहे. मे संपला की तो बिछाना गुंडाळतो आणि मामाच्या गावाला जातो."

चौघांनी फागणूसोबत फोटो काढला आणि गेले. संध्याकाळी तीन चालत परतले आणि एक घसरत, बसायच्या जागी पँट फाटलेला. फागणू कट्ट्यावरच होता. "भेटला का? माझा नमस्कार सांगितलात ना?"

खरं सांगायचं तर फागणूचं बोलणं सोळा आणे खरं असतं. सकाळी बर्फ दगडासारखा असतो, तेव्हा पाय टिकत नाही. दुपारी त्याचा चिखल होतो, तेव्हा मांडीपर्यंत पाय जातो. म्हणून सूर्य नाळेत शिरायच्या आत वर पोचायचं. काठी डोंगराच्या बाजूच्या हातात धरायची. खडक आणि बर्फ जिथे भेटतात तिथे आत पोकळ असतं, तिथे पाय टाकायचा नाही. खालून पाण्याचा आवाज आला तर वरचा बर्फ कितीही पांढराशुभ्र असो, विश्वास ठेवायचा नाही. डोळ्यांना काळा चष्मा, नसेल तर डोळ्यांखाली चुलीचं काजळ. हे सगळं तो फुकट सांगतो. पण असं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं ऐकण्यापेक्षा तंगडी मोडलेली परवडली. औषध रामबाण, पण वैद्याच्या तोंडाला कोण लागणार?

फागणू पुले करतो. पुले म्हणजे भांगेच्या वाखाचे जोडे. खाली वाखाच्या वेण्या घालून, त्या दाभणाने शिवून तळवा करायचा. वर बकरीच्या केसांचं विणलेलं अंग, त्याला रंगीत नक्षी. बर्फावर दोन पावलं चाललं की तळवा ओला होतो आणि मग बर्फ त्याला असा धरून ठेवतो, जसा सावकार कुळाला. एकेकाळी या गावात प्रत्येक घरी पुले व्हायचे. मग बाजारात रबरी बूट आले, धुता येतात, वाळवता येतात, आणि गावाने वाख जाळून शेकोट्या केल्या. आता खालच्या शहरातले हॉटेलवाले फागणूकडून वीतभर लांबीचे छोटे जोड नेतात आणि स्वागतकक्षात खिळ्याला टांगतात.

"आता पुले भिंतीवरच चालतात," फागणू म्हणतो. "भिंत घसरडी नसते."

झिजलेले का होईना, मोठे पुले पायात घालून गावात हिंडणारा तो एकटाच उरलाय. आणि एक जोड त्याच्या घरात खुंटीला आहे. जोड तरी कसा म्हणायचा? नुसती वरची अंगं, काळ्या-करड्या केसांची, काठाला हिरवी नागमोडी नक्षी. खाली तळवेच नाहीत. एका विदेशी बाईने ते पाहून हवा तो भाव सांगा म्हणून हट्ट धरला होता.

"अपुरे आहेत," फागणू म्हणाला.

"चालतील."

"ज्याचे आहेत तोही असंच म्हणाला होता," फागणू म्हणाला आणि आत निघून गेला. बाईला काही कळलं नाही. गावाला कळतं, म्हणून गाव त्या खुंटीचा विषय काढत नाही.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दर दोन वर्षांनी आषाढाच्या संक्रांतीला, म्हणजे जूनच्या मध्यावर, गावचा देव, शिरगुण नाग, बकरनाळ चढून पलीकडच्या तलावात आंघोळीला जातो. जातो म्हणजे नेतात. आमच्याकडे देवाच्या रथाला चाकं नसतात, खांदे असतात. आठ खांदेकरी, आठ घरांचे, बापाकडून मुलाकडे आलेले. त्या वर्षी सगळ्यांचे पुले करायचं काम फागणूकडे होतं. त्याचा धाकटा भाऊ बेलू याचाही जोड व्हायचा होता, कारण घराचा खांदा तेव्हा बेलूकडे होता. देवाचा कारभार बघणारा कारदार निरतसिंह तेव्हा नवा नवा होता, अंगात उत्साह मावत नव्हता. ढोलवाले, छत्रवाले, भांडीवाले, सगळ्यांचे जोड त्याने आधी करून घेतले. "आधी देवाची माणसं, मग घरची," म्हणाला. फागणूलाही ते पटलं. घरच्या माणसाचं काय, बेलू कुठे पळून जातोय, त्याचे होतील कधीही. अंगं विणून झाली होती, तळवे तेवढे राहिले. बेलू हसला, बाजारातले रबरी बूट घातले आणि रथाला खांदा दिला. नाळेच्या वरच्या टप्प्यात त्याचा पाय सुटला. फागणू दहा पावलं मागे होता.

तेव्हापासून फागणू नाळेत गेलेला नाही. विचारलं तर म्हणतो, गुडघे. देवासाठी पुलेही केले नाहीत. विचारलं तर म्हणतो, डोळे. देव आपला रबरी बुटांवर जात राहिला. गेल्या खेपेला तिघं जण ढोलासकट घसरले. माणसं त्याच दिवशी मिळाली, ढोल भाद्रपदात मिळाला.

या वर्षी मे महिन्यात गुडघाभर बर्फ पडला. नाळ अशी भरली की जुनी माणसंही वर बघून हात जोडू लागली. पण कारदार निरतसिंह जागा होता. तो थेट चंडीगडला गेला आणि बुटाच्या खाली लावायच्या लोखंडी दातांचे तीस जोड घेऊन आला. देवळाच्या अंगणात ताडपत्रीवर ते मांडले, उदबत्ती लावली, गाव गोळा केलं आणि छोटंसं भाषण ठोकलं. जग कुठे चाललंय, आपण कुठे आहोत, वगैरे.

फागणू मागे उभा होता. तो पुढे आला, एक जोड उचलला, उलटा-सुलटा केला, नाकाशी नेला.

"कारदारजी, वास छान आहे."

"कसला वास?"

"गाईचा की म्हशीचा, ते देवाला विचारा. आपल्याला चामडं इतकंच कळतं."

टाचेच्या पट्ट्याला, बक्कल अंगाला लागू नये म्हणून बोटभर चामड्याचा तुकडा शिवला होता. देवाच्या वाटेवर चामडं! आणि तेवढ्यात देव ज्याच्या अंगात येतो तो गूर, जो इतका वेळ भिंतीला टेकून विडी ओढत होता, थरथरायला लागला.

"माझ्या वाटेवर चामडं? कुणी आणलं?"

कारदाराचा चेहरा धुतलेल्या बटाट्यासारखा झाला. फागणूला इतकं बरं वाटलं की विचारू नका. बावीस वर्षांचं साठलेलं होतं ते.

पण देव एकदा बोलायला लागला की विषय वाढतो. कुणीतरी म्हणालं, चामडं कापून टाकू. गूर आणखी थरथरला. "दात? लोखंडी दात लावून माझ्या अंगावर चालणार? बर्फ माझं अंग आहे!" झालं. चामडं गेलं, त्याबरोबर दातही गेले. नाळेच्या पायथ्यापासून वर कुणाच्या पायात ना चामडं, ना लोखंड. कुदळ चालेल का? कुदळ चालेल, ती आजोबांच्या काळापासून चालते.

कारदाराने घाम पुसला आणि फागणूकडे पाहिलं. "ठीक आहे. मग पुले कोण करणार ते देवाने ठरवलंच आहे. आणि पायऱ्या कोण खणणार तेही."

पायऱ्या म्हणजे नाळेच्या टणक बर्फात पाऊल मावेल एवढे खाचे. ते खणता येणारं गावात एकच माणूस होतं. फागणूची मुलगी, जमना. सव्वीस वर्षांची, गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलेली. आठवड्यातून दोनदा टुरिस्ट घेऊन ती त्याच नाळेतून जायची. तेव्हा ती बाई आहे हे देवाच्या लक्षात आलं नव्हतं. देवाच्या जत्रेत मात्र बायकांनी खालच्या कुरणापर्यंत गाणी म्हणत यायचं आणि तिथून हात जोडायचे.

कारदाराने तोडगा काढला. "जमनाने रथाच्या तासभर आधी निघायचं. पायऱ्या खणायच्या. रथ आला की बाजूच्या खडकामागे जायचं. म्हणजे ती तिथे नव्हतीच असं समजता येईल."

जमना तिथेच उभी होती. "मी नव्हते असं समजायचं, तर मग पायऱ्या कुणी खणल्या समजायचं?"

"देवाने."

"मग कुदळ त्यालाच द्या ना."

लोक हसले. शेवटी मुलगी कुणाची! पण तिने हो म्हटलं, कारण आठातले पाच खांदेकरी तिच्या वर्गातले होते आणि ते किती धांदरट आहेत हे तिला ठाऊक होतं. तिचे चांगले बूट चामड्याचे, ते बाद. तिचे दात लोखंडाचे, तेही बाद. आता ती त्या नाळेत सगळ्यांच्या आधी, एकटी, काय घालून जाणार? फागणूच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथे विरलं.

घरी आल्यावर बायकोने, सुरमीने, ताट आदळलं. "तोंडात जीभ आहे की दाभण? तुम्हाला कारदाराची जिरवायची होती ना? जिरली. आता पोरगी जाईल त्याच बर्फावर दात नसताना. खा आता, सिड्डू केलेत, तूप घालू का?"

"घाल."

"लाज वाटते का?"

"वाटते," फागणू म्हणाला, आणि खरंच वाटत होती. त्या दिवशी त्याने सिड्डूला हात लावला नाही.

सात दिवस होते. जोड हवे होते नऊ, आठ खांदेकऱ्यांचे आणि एक जमनाचा. बाकीच्यांनी रथामागून, दोर धरून, रबरी बुटांवर चिंध्या बांधून यायचं ठरलं. पहिल्या दिवशी पहाटेच फागणूने माळ्यावरून वाखाच्या जुड्या काढल्या, भिजवल्या, आणि बसला. जमना दोर वळून देत होती, सुरमी केसांची अंगं विणत होती, तळव्यांच्या वेण्या आणि शिवण फागणूची. तळव्याला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. जमनाने लहानपणी शिकवा म्हणून मागे लागून पाहिलं होतं. "भिंतीवर टांगायची वस्तू शिकून काय करणार?" म्हणून त्याने तिला हाकललं होतं.

पहिला जोड तयार झाला तो जमनाचा. टाचेला त्याने लाल लोकरीचा धागा ओवला, चुकूनही दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. मग कुठे तो पाणी प्यायला.

तेवढ्यात कारदार आला. लाल धागा बघून म्हणाला, "फागणू, हे काय? आधी देवाची माणसं, मग..."

फागणूने दाभण खाली ठेवलं. "पुरं करा ना वाक्य. मला पाठ आहे. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं आणि मी ऐकलं."

कारदार विसरला होता बिचारा. विसरणं किती सोपं असतं, फक्त मेलेला माणूस दुसऱ्याच्या घरचा हवा. तो पायऱ्या उतरून गेला, आणि त्यानंतर रोज न चुकता सकाळी दूध पाठवत राहिला.

जोड होत गेले. फागणूची बोटं फाटली, त्यावर तूप लावून चिंधी गुंडाळली. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा, जागा व्हायचा तर समोरच्या वाखाची जुडी लहान झालेली दिसायची.

"उंदीर झालेत घरात," तो सुरमीला म्हणाला. "वाख नेतात. या वर्षी उंदीरही पुले घालून नाळ चढणार बघ."

"चढू देत. कुणीतरी शिकलं म्हणजे झालं," सुरमी म्हणाली आणि अंगावर घ्यायचा आपला मोठा लोकरीचा पट्टू त्या खुंटीवर टांगून चुलीकडे वळली.

सातव्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठ जोड झाले. नऊ हवे होते. ज्याचा राहिला तो दुनीचंद, वैशाखात लग्न झालेला, जमनाचा बालवाडीपासूनचा सोबती. तो येऊन दारात उभा राहिला.

"तुझा नाही झाला," फागणू म्हणाला. "तू खालीच थांब उद्या."

"खांदा आहे ना चाचा. बापाचा होता, आता माझा. मी थांबलो तर घराचा खांदा जाईल."

"मग रबरी बुटात जाशील?"

"जाईन की. सवय आहे. तुम्ही नका मनाला लावून घेऊ, पुढच्या वेळी करा माझे. मी कुठे पळून जातोय?"

दुनी गेल्यावर फागणूने हातात दाभण घेतलं, एक टाका घातला, बोटातून रक्त आलं, दुसरा टाका वाकडा गेला. जमना दोर गुंडाळत होती. तिने बापाच्या हातातून दाभण काढून घेतलं आणि म्हणाली, "बापू, झोपा आता."

संक्रांतीच्या सकाळी ढोल, फुंकायचे नरसिंगे, उदबत्त्या, सगळं गाव. जमना अंधार फिटताच पुढे गेली होती, तेव्हा फागणू झोपलेला होता. सुरमीने त्याला उठवलं नाही. तो कट्ट्यावर येऊन बसला, आपल्या नेहमीच्या जागी, आणि जाणाऱ्यांचे पाय बघू लागला. पहिला खांदेकरी, पुले. दुसरा, पुले. रथ डुलत होता, ढोल वाजत होते. उजवीकडचा पुढचा खांदा दुनीचा. दुनीच्या पायातही पुले.

टाचेला लाल धागा.

"सुरमी!" फागणू ओरडला. "सुरमी, दुनीच्या पायात काय आहे? जमना काय घालून गेली?"

सुरमी दारातून म्हणाली, "मला काय विचारता? गेली काहीतरी घालून."

तिच्याशी पुढे बोलायला फागणू थांबलाच नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस, बावीस वर्षं गुडघ्यांचं नाव सांगून घरी बसलेला, काठी घेऊन असा सुटला की मिरवणुकीतल्या बायका गाणं थांबवून बघत राहिल्या. खालच्या कुरणावर रथ पूजेला थांबला तेव्हा तो बाजूने पुढे निघाला. कारदाराने हाक मारली, "अरे फागणू, गुडघे?" त्यावर देण्याजोगी उत्तरं फागणूकडे सात-आठ होती. त्याने एकही दिलं नाही. कारदाराला तेव्हाच कळलं की काहीतरी गंभीर आहे.

सगळी वाट तो स्वतःला शिव्या देत होता. काय गरज होती वास घ्यायची? चामडं होतं तर होतं. बोटभर चामड्याने देव मेला नसता. दात पायात असते तर पोरगी गाणी म्हणत वर गेली असती. पण नाही, चार लोकांसमोर टाळ्या हव्या होत्या. एकदा गप्प राहून भाऊ घालवलास, फागणू. आता बोलून पोरगी घालव.

नाळेच्या तोंडाशी पोचल्यावर त्याने आधी वर पाहिलं नाही. खाली पाहिलं, डावीकडे, जिथे बर्फ संपून दगडांची खाच सुरू होते. बेलू तिथे मिळाला होता. तिथे काही नव्हतं. पाणी वाहत होतं आणि एक धोबीण पक्षी शेपूट हलवत होता. फागणू काठीच्या आधाराने खाली बसला.

मग त्याला ठसे दिसले. आदल्या रात्री बारीक गारांचा थर पडला होता, पिठासारखा, आणि त्यावर पावलं उमटली होती. रबरी बुटाचे ठसे नव्हते. वेण्या होत्या. वाखाच्या वेण्या, एकीला एक लागून, वरपर्यंत. तो ओणवा झाला, अगदी नाक टेकेपर्यंत. डाव्या पायाच्या वेण्या ठीक होत्या, जरा सैल. उजव्या पायाच्या उलट्या फिरवलेल्या, नवशिका हात सुटून जातो तशा. त्याच्या हातून आयुष्यात कधी अशी वेणी गेली नव्हती. या गावात तर दुसरं कुणी वेणी घालणारं नव्हतं.

"उंदीर," फागणू म्हणाला आणि त्याला हसू आलं की आणखी काही, ते सांगणं कठीण आहे.

वरून कुदळीचा आवाज येत होता आणि बर्फाचे खडे टपटपत खाली येत होते.

"जमना!"

"कोण? बापू?" आवाज थांबला. "गुडघे कुठे ठेवलेत?"

"घरी. त्यांना बरं नाही."

तो चढू लागला. पायऱ्या छान खणल्या होत्या, आतल्या बाजूला किंचित उतरत्या, म्हणजे टाच बसावी. एकेक पायरी, काठी डोंगराच्या बाजूला. वरच्या टप्प्याशी आल्यावर जमनाचे पाय त्याच्या डोळ्यांसमोर आले. काळ्या-करड्या केसांची अंगं, काठाला हिरवी नागमोडी. खुंटीवर पट्टू का टांगला होता ते आता त्याला कळलं.

जमना कुदळ टेकून बघत होती. "तिसऱ्या दिवशीच कळलं होतं की एक कमी पडणार. सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं." मग ती म्हणाली, "काहीतरी बोला ना, बापू. न बोलता तुम्ही फार भयंकर दिसता."

"उजवी वेणी उलटी आहे."

"माहीत आहे. उसवायला वेळ कुठे होता? पण धरतेय ना?"

फागणूने खाली पाहिलं. तिची टाच बर्फात रुतून बसली होती, हलत नव्हती. "धरतेय," तो म्हणाला.

खालून ढोल जवळ आले. रथ पायऱ्यांना लागला, दुनी पुढे, एकेक खाच चाचपत. मागून कारदार हात हलवून खुणा करत होता, खडकामागे जा, खडकामागे. खडक होता पाच हातांवर, आणि मध्ये न खणलेला, काचेसारखा बर्फ. जमना तिकडे वळणार तोच फागणूने तिची बाही धरली.

"कारदारजी!" तो खाली ओरडला. "ती इथे नाहीच! मी इतक्या जवळ उभा आहे, मलासुद्धा दिसत नाही!"

नाळभर हशा पिकला. ढोलवाल्याचा ठेका चुकला. आणि रथ त्यांच्यासमोर आला तसा उजवीकडे झुकला, चांगला हातभर, रथावरचे देवाचे चांदीचे मुखवटे जमनाच्या डोक्याला टेकतील इतका. "देव झुकला! देवाने मान दिला!" मागून आरोळ्या उठल्या. गूर थरथरला. कारदाराने हात जोडले. देवच झुकला म्हटल्यावर तो बिचारा काय करणार? ज्या बाजूला देव झुकला त्या बाजूचा खांदा दुनीचा होता, आणि दुनी ओठ चावून हसू दाबत होता. फागणूने ते स्वच्छ पाहिलं. पण जन्मात पहिल्यांदा, देवाशपथ, त्याने तोंड मिटून हात जोडले.

रथ वर गेला. माणसं दोर धरून मागोमाग गेली. एकही पाय सुटला नाही. नाळेत दोघंच उरली.

"रागावलात?" जमनाने विचारलं. "काकाचे होते."

फागणू पायरीवर बसला. तिचा उजवा पाय त्याने मांडीवर ओढून घेतला, तळव्यावरचा बर्फ अंगठ्याने झाडला, उलट्या वेणीवरून बोट फिरवलं. मग दगडांच्या त्या खाचेकडे बघत तो रडू लागला, आवाज करून, लहान मुलासारखा. बावीस वर्षांत त्याला असं कुणी पाहिलं नव्हतं.

"बेलू, झाले रे तुझे," तो म्हणाला. "उजवी वेणी तेवढी उलटी आहे."